मी तोडलेली गाठ

जपानी भाषेतलं एक पत्र मी भर अंगणात, मोठ्या आवाजात, मराठीत वाचून दाखवलं. जपानी मला येत नाही. तेव्हाही येत नव्हती.

हे मी आजवर गावात कोणाकडे कबूल केलं नव्हतं. आता दोघींना माहीत आहे, आणि त्यातल्या एकीला — माझ्या लेकीला — ते माझ्या तोंडून कळलं नाही, कागदावरून कळलं. तिसरे तुम्ही. तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून जीभ जरा सैल सोडतो.

आमचं गाव आरमोरीच्या पलीकडे, जंगलाला टेकून. माझी पिठाची चक्की आहे. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, तेव्हा गावच्या नाटकात मी राजा असतो. अभिनयामुळे नव्हे हो — चक्कीच्या घरघरीवर ओरडून ओरडून आवाज तयार झालाय, आणि मुकुट माझ्याच डोक्याला बसतो. त्यामुळे बाराही महिने गाव मला राजाच म्हणतं. पीठ जाडं निघालं तरी, ‘राजा, काय दळलंस रे हे?’

आता नाटकातल्या राजाला पत्र येतंच. दूत आणतो, राजा उलगडतो, वाचतो. त्या कागदावर काय असतं? काही नसतं. कधी कधी चक्कीचं जुनं वीजबिल असतं. ते बिल हातात धरून मी राणीचा निरोप असा वाचलाय, की पुढं बसलेल्या बायांनी डोळ्याला पदर लावला. मला वाटायचं, पत्र वाचणं म्हणजे एवढंच — कागद कोणाचाही, आवाज आपला.

माझ्या घरामागं तानाबाई राहते. ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे वाढवायचे, पाखरांपासून राखायचे, कोसे उकळायचे, आणि मांडीवर घासून त्यांचं सूत काढायचं — हे तिचं काम. ते बघायला एका वर्षी जपानहून बाई आली. रानातल्या रेशमाचा अभ्यास करायची म्हणे. नाव मिचिको-पुढं-काहीतरी, गावानं मिचीबाई करून टाकलं. तिची सोय रेस्ट हाउसात होती, ती राहिली तानाबाईच्या छपरीत. पावसाळा सरताना आली आणि कोसे उतरवून झाल्यावर गेली.

दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. तरी दिवसभर शेजारी बसून सूत काढायच्या — आणि मधेच दोघी एकदम हसायच्या. कशाला हसलात, म्हणून आम्ही विचारायचो. तानाबाई म्हणायची, ‘तुमाले नाई समजत.’

खरंच होतं. आम्हाला नव्हतं समजत. मला तर नव्हतंच.

पुढच्या वर्षी पोस्टमन पाकीट घेऊन आला. परदेशी तिकीट, म्हणून त्याच्या मागं अर्धा मोहल्ला. तानाबाईचे दोन्ही हात उकळलेल्या कोशांच्या गंजात. तिनं माझ्याकडं बघून हनुवटी हलवली, पोस्टमननं पाकीट माझ्या हाती दिलं. समोर माणसं जमलेली, राजाच्या हातात पत्र — मी दुसरं काय करणार होतो?

नाही, हा प्रश्नच लबाड आहे. ‘मला येत नाही’ म्हणता येत होतं. तीन शब्द.

पाकिटात पातळ कागदाची घडी होती. घडीला कोशाचा एक धागा बांधलेला, वर बारीकशी गाठ. मी धागा दातांनी तोडला. मंचावर दातांनी तोडलं की रुबाबदार दिसतं. तोंडात राहिला तो थुंकून टाकला. आत उभ्या ओळी — झाडावरून मुंग्या उतराव्या तशा. कागद कोणत्या बाजूनं धरायचा तेसुद्धा कळेना. धरला कसातरी, घसा साफ केला, आणि वाचलं.

मी सुखरूप पोचले, असं वाचलं. तुझ्या हातच्या अंबाडीच्या भाजीची आठवण येते, असं वाचलं. तुझं गाव माझं माहेर आहे — इथं एक बाई रडली, आणि मला चेव आला. नाटकातलं पत्र कुठं संपतं? ‘मी परत येईन’ इथं संपतं. म्हणून तेही वाचलं. आवाज थोडा कापरा करून. ‘मी परत येईन, तानाबाई. माझी वाट बघ.’

तानाबाई रडली नाही. तिनं ओले हात लुगड्याला पुसले, कागद घेतला आणि आत गेली.

ती वाट बघायला लागली हो.

दरवर्षी कोसे उतरले की त्यातले चांगले वेगळे काढून ठेवायची, विकायची नाही. छपरीतल्या खाटेवर कोणाला बसू द्यायची नाही. तिचा पोरगा घुग्घुसला खाणीत लागला, त्याला क्वार्टर मिळालं. तिचा नवरा वारल्यावर तो आईला न्यायला आला, एकदा नाही, कित्येकदा. तानाबाईचं उत्तर ठरलेलं — ‘मिचीबाई येईन आन् तिले कुलूप दिसंल.’ पोरगा माझ्याकडं यायचा. राजाभाऊ, तुम्ही तरी समजवा. मी समजवायचो. काय समजवायचो? तिनं कबूल केलंय तर येईलच, म्हणायचो. मधून मधून तानाबाई पत्र घेऊन यायची, पुन्हा वाच म्हणायची, आणि मी वाचायचो. एकदा अंबाडीच्या जागी चुकून मेथी वाचली. तिनं मला तिथंच थांबवलं — नीट वाच म्हणाली, अंबाडी हाय.

माझ्याच थापेचं पाठांतर तिचं माझ्यापेक्षा पक्कं. तेव्हा तरी सांगायचं होतं. नाही सांगितलं. भीती कशाची होती? नाटकात मला दुसरं काम देतील याची? इतकी लहान भीती असते का माणसाची? असते.

माझी लेक ताडोब्याला गाइड आहे. परवाच्या हिवाळ्यात घरी आली तेव्हा तिनं तानाबाईकडून ते पत्र मागून घेतलं आणि झेरॉक्स काढली. जंगलात मोबाइल नेता येत नाही ना. तिच्या मनात चांगलंच होतं. जपानी पाहुणे आले की पत्ता वाचून घेऊ, मिचीबाईला लिहू, कधी येता म्हणून विचारू.

मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, बाबा, आज जिप्सीत एक म्हाताऱ्या जपानी बाई होत्या. त्यांना कागद दिला. समोरून वाघ रस्ता ओलांडून गेला, बाबा, बाकी सगळे श्वास रोखून — आणि त्यांनी मान वर केली नाही.

मग म्हणाली, ‘यात परत येईन कुठंच नाही.’

बाईंनी इंग्रजीत सांगितलं, लेकीनं मराठीत लिहून काढलं. तो कागद माझ्याजवळ आहे. मिचीबाई लिहिते —

तानाबाई, हे तुला वाचता येणार नाही. दुसऱ्या कोणाला येईल अशा भाषेत मी मुद्दाम लिहिलं नाही, कारण मग वाचणारा आपल्या मधे येऊन बसेल. आपल्या मधे कोणी नव्हतं. पत्र म्हणजे वरची गाठ. सुताची लडी संपली की तू मारतेस ती, तुझी. तू शिकवलीस, आणि मला जमली तेव्हा डोक्यात टपली मारलीस. ती बघशील, तुला कळेल. माझे डोळे जात आहेत. पुन्हा येणं नाही.

खालच्या ओळी मी माझ्यासाठी लिहिते. एका दुपारी पाऊस थांबला होता, तरी झाडावर पाऊस वाजत होता. तू हात धरून मला ऐनाखाली नेलंस. ते किडे पानं खात होते. जन्मभर मी त्यांचा अभ्यास केला, आणि तो आवाज तुझ्याकडे ऐकला.

मी हे वाचलं आणि चक्की बंद केली. साठी उलटली माझी, जन्म याच गावात गेला. ऐनाखाली उभं राहून मी कधी काही ऐकलं होतं? एवढं मोठं काहीतरी माझ्या घरामागं, कुंपणापलीकडं होऊन गेलं. दोन बाया, शब्द एक नाही, आणि सगळं बोलून झालेलं. एक गाठ साता समुद्रांपलीकडून न सुटता आली — माझ्या दातांपर्यंत.

मी गेलो. तानाबाई छपरीत बसली होती. खाली जमिनीवर; खाट रिकामी. सगळं सांगितलं, मग लेकीचा कागद वाचला. पहिल्यांदाच हळू आवाजात. गाठीचं तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग उठली, आतून सूत आणलं, मांडीवर पीळ दिला, गाठ मारली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

‘अशी होती?’

मी ती पाहिलीच नव्हती.

तिनं गाठ उचलून घेतली.

‘मी तुले वाचाले कुठी देल्लं होतं, राजा? माहे हात ओले होते, म्हणून धराले देल्लं होतं.’