पहिली पंगत

करडी गावातल्या माझ्या ओसरीची खोली मी एका सिंधी शिंप्याले दिली होती. पाकिस्तान सोडून बायको-पोरगी घेऊन आलेला माणूस. नागपुरात त्याचे लोक होते, पण तिथं भाडं झेपेना म्हणून इकडं आला. मी त्याले पहिल्या दिवसापासून पाहुणे म्हणत आलो. कोणाचंही लगन असो, तो पहिल्या पंगतीत बसणार, असं मी सांगून ठेवलं होतं. माझा शब्द गावात कोणी मोडत नाही.

आमच्याकडे पहिली पंगत पाहुण्यांची. गाववाले वाढतात आणि शेवटी जेवतात.

औंदा नातीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "बाबूजी, शनिवारी टेम्पो येणार. नागपूरला जातो."

"काहून? खोली गळते का?"

"नाही जी. सगळे मान देतात. पण धानाच्या रोवण्याला माझ्या घरवालीला कोणी हाक मारत नाही. कोणी मेलं तर मला दुसऱ्या दिवशी समजते. इतके साल झाले, मी अजून पाहुणाच."

मले रागच आला. एवढा मान दिला, त्याचं हे? मांडवात फिरत राहिलो, पक्के गाडलेले खांब हलवून पाहिले, आचाऱ्यावर खेकसलो. माणूस चालला, हे काही डोक्यातून जाईना.

घरी माझ्या म्हातारीले सांगितलं, तर ती म्हणाली, "त्याले पाहुणा केला कोणी?"

लग्नात तो सवयीनं पत्रावळीकडं गेला. म्हातारीनं त्याच्या हाती वरणाची बादली दिली. "भाऊ, बसून कायले राहिला? वाढ." मी मधात पडणार होतो. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मागं सरलो.

शेजारचा म्हातारा पुढं भात वाढत होता. तो ओरडला, "अबे, भातावर वाढ. व्याह्याच्या पायाले कायले जेवू घालून राहिला?"

पंगत हसली. शिंपीही हसला. पाहुण्याले असं कोणी बोलत नाही.

शेवटी आम्ही वाढणारे सोबत जेवलो. शेजारी म्हणाला, "रविवारी माह्या पोरीचं लगन हाय. वरणाची बादली तुही. येशील ना?"

शिंप्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पत्रावळी उचलायले लागलो.

"हाव," तो म्हणाला.

शनिवारी खोलीत मशीन चालू होती. तरी रस्त्यावर गाडी वाजली की मी बाजेवरून उठत होतो.

"बसा ना आता," म्हातारी म्हणाली.

बसलो, आणि पुन्हा उठलो.