उठलेल्या मंडपाचे पोस्टर

मोडेम फोनच्या तारेवर चढताना आधी घसा खाकरायचा, मग किंचाळायचा आणि शेवटी दमेकऱ्यासारखा सूं सूं करत राहायचा. ब्रह्मपुरीच्या नेटवाल्या भाऊंचा आवाज त्याहून फारसा वेगळा नव्हता. तीन संगणक, उदबत्तीचा उग्र वास आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचे एकच स्वागत : "चपला बाहेर. वायरस पायानंच येते."

कॉलेजातली ही मुलगी कविता लिहिते, हे कळल्यापासून मी 'कवयित्रीबाई' झाले. "तुमच्या कवितेपरीस यष्टीचं टाइमटेबल बरं," ते म्हणत, "त्यात शेवटी गाडी तरी येते."

एका सकाळी मात्र मी रडवेली होते. तळ्यावरची माझी कविता एका नियतकालिकाने संकेतस्थळावर घेतली होती. पोस्टाने पाठवताना मी प्रत ठेवली नव्हती. शोधयंत्रात नाव टाकले की तिच्या दोन ओळी दिसत. दुव्यावर टिचकी मारली की, पान सापडत नाही.

"पान नाही, तर दाखवतात कशाला?"

"मंडईच्या जत्रेतलं नाटक होऊन जाते, मंडप उठते, पोस्टर भिंतीवरच राह्यते ना? तसंच. हे यंत्र आता जाऊन पाहून नाई राह्यलं. मागं कधी फिरून आलं, दिसलं ते उतरवून घेतलं. पुढच्या फेरीत जाईन तवा त्याले समजन. तवावरी तुमच्यासारखे लोक सतरंजी घेऊन मैदानात."

मग त्यांनी दुव्याखालच्या बारीक अक्षरांवर टिचकी मारली. यंत्राने त्या फेरीत ठेवलेली नक्कल उघडली. माझी कविता, अख्खी.

"उतरवा लवकर. पुढच्या फेरीत हेही जाईन. अन् प्रिंटर बंद आहे, अन् बाराले लाइट जाते."

मी वहीत उतरवू लागले. भाऊ मागे उभे राहून जांभया देत होते. शेवटच्या ओळीतला शेवटचा शब्द उरला आणि लाइट गेली. तो शब्द काही केल्या आठवेना. त्या दिवशी लाइट परत आलीच नाही; पुढच्या आठवड्यात आले, तर नक्कलही पुसली गेली होती.

भाऊ आता नाहीत. दुकानात मोबाइलची कव्हरे लटकतात. पुष्कळ वर्षांनी संपादकांच्या कपाटात माझा मूळ कागद सापडला : 'कमळांच्या आड, एका पायावर, वाट पाहतो चंद्र.'

संग्रहात मी चंद्र छापला नाही. छापला तो शब्द, जो पडदे ओढलेल्या त्या काळोख्या खोलीत, मी हुंदका आवरत असताना, माझ्या पाठीमागून अत्यंत खात्रीने आला होता :

"बगळा."