अक्काच्या घरची बिनसाखरेची कॉफी

मला मधुमेह नाही. कधीच नव्हता. एवढं वाक्य पापनाशमच्या माझ्या थोरल्या बहिणीसमोर, अक्कासमोर, बोलायला मला चौदा वर्षं लागली. त्यातली शेवटची नऊ वर्षं मी दारूला शिवलोही नव्हतो.

सुरुवात एका लग्नात झाली. सकाळच्या पंगतीत माझा हात इतका थरथरला की रसम पानाबाहेर सांडलं. अक्कानं विचारलं, "काय होतंय रे?" मी म्हणालो, "शुगर." आमच्या तंजावुरात या शब्दानंतर कुणी पुढं विचारत नाही. बायको शेजारीच होती. तिनं मान खाली घातली.

तेव्हापासून अक्का माझ्यासाठी बिनसाखरेचं पायसम वेगळं काढू लागली. मी कुठं तोल जाऊन पडलो की बायकोला सुनावायची, "भात किती वाढतेस त्याला? एवढं पथ्य सांभाळता येईना?" बायको ऐकून घ्यायची. मी तिथंच बसून बिनसाखरेची कॉफी पीत असे.

दारू सोडली तेव्हा डॉक्टर म्हणाले, तल्लफ आली की तोंडात काहीतरी गोड धरा. बायकोनं शेंगदाण्याची चिक्की आणली आणि तांदळाच्या डब्यामागं ठेवली. पूर्वी माझी बाटली तिथंच असायची. पहिले तीन महिने घाम, कंप, झोपेचा पत्ता नाही. त्या चिक्कीवर मी दिवस काढले. एकदा अक्का न कळवता आली आणि तिला पुडा सापडला.

"हे कुणाचं?"

"मीच खाते," बायको म्हणाली.

"नवरा झिजतोय, आणि हिचे जिभेचे चोचले बघा."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही. त्या दिवशी मी प्यायलेलो नव्हतो, म्हणून त्याला कसलीच सबब नाही.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं बसनं पापनाशमला गेलो. अक्कानं माझा पेला नेहमीसारखा वेगळा आणला.

"अक्का, साखर घाल."

"वेड लागलंय का?"

"मला शुगर नव्हती. मी पीत होतो. ती चिक्कीही माझीच."

घाम फुटेल असं वाटलं होतं. लागली ती भूक.

अक्का बायकोकडं वळली. "इतकी वर्षं मी बोलत होते. तुला तोंड नव्हतं?"

"तुम्ही बोलू लागलात की मध्ये जागा कुठं मिळते, अक्का?"

अक्का हसली नाही. आत जाऊन साखरेचा डबा आणला आणि माझ्यापुढं आपटला. "तुझी तू घालून घे," म्हणाली, आणि बायकोला खेटून बसली.

मी तीन चमचे घातले. कॉफी फारच गोड झाली. सगळी प्यायलो.