डावा खांदा कोरा होता

हरल्यावर कसं वागावं, हे मला आयुष्यभर जिंकलेल्या माणसांनीच समजावून सांगितलं आहे. पंचाचा निकाल मुकाट्यानं मानावा, हसून गळाभेट घ्यावी, मनात अढी ठेवू नये. ऐकायला बरं वाटतं. मी हे सगळं केलेला माणूस आहे, अगदी बिनचूक केलेला, आणि त्याचं काय झालं ते सांगायला बसलो की आजही माझी कानशिलं तापतात.

लढाईचे दिवस होते. पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमचं गाव. निम्मी तरणी पोरं पलटणीत गेलेली, त्यामुळं तालमीत जोड मिळायची मारामार. थोरल्या भावांनी भातशेती बघायची आणि मी कुस्ती करायची असं घरानं ठरवून टाकलं होतं. ठरवलं म्हणजे काय, तर घरातल्या एकुलत्या एका म्हशीचं दूध माझ्या नावानं सोडलं होतं. वहिनीची पोरं माझ्या तांब्याकडं बघत बसायची आणि मी डोळे मिटून प्यायचो.

आमच्या वस्तादांची एक रीत होती. सरावाच्या कुस्तीत ते मुद्दाम खोटा निकाल द्यायचे. एखादा गडी चांगला वर बसलेला असायचा, खालच्याचा श्वास कोंडलेला असायचा आणि वस्ताद वरच्यालाच म्हणायचे, चीत झालास, ऊठ. त्यानं तोंड वाकडं केलं की खोरं हातात यायचं आणि कुस्तीच्या मातीचा सगळा हौदा एकट्यानं उकरावा लागायचा. तोंडातून चकार शब्द न काढता वस्तादांच्या पाया पडायचं, जोडीदाराला उराउरी भेटायचं, तरच सुटका. त्यांचं म्हणणं असं की पंच हा माणूस आहे, तो कधीतरी चुकणारच, आणि त्या दिवशी तुमचं तोंड सुटलं तर नाव माझ्या तालमीचं जाणार.

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. मी तो हौदा इतक्या वेळा उकरला की गावात मला कुस्तीचा नव्हे, खोऱ्याचा पैलवान म्हणायला लागले. पण हळूहळू अंगाला वळण पडलं. 'चीत' असा शब्द कानावर आला की मान आपोआप खाली जायची, हात आपोआप पुढं व्हायचे. डोकं काय म्हणतंय ते विचारायची सोयच उरली नाही.

अशात कुंडलच्या पुढं, कृष्णाकाठच्या एका गावच्या जत्रेचं बोलावणं आलं. त्या मैदानाला एका संस्थानचे कारभारी येणार होते. त्यांच्या तालमीत एक जागा रिकामी झाली होती, आणि आमच्या जोडीत जो जिंकेल त्याला ते घेऊन जाणार असं जाहीर झालेलं. वस्तादांनी मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं होतं की नाचणीच्या भाकरीवर मी जेवढा वाढायचा तेवढा वाढलो. पुढं जायचं तर बदाम, तूप, मटण आणि रोज नवा जोड हवा, आणि तो फक्त संस्थानात मिळेल. ही कुस्ती गेली तर परत भाताच्या चिखलात उतरायचं. माझ्याइतकंच हे घरालाही ठाऊक होतं. निघताना थोरली वहिनी हळूच म्हणाली की जिंकून आलात तर पोरांना दूध मिळेल.

मैदानावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. उसाच्या गाड्या सोडून लोक आलेले, झाडांवर बसलेले. हलगी कडाडत होती. आमचा पंच म्हणजे त्याच गावचा जुना नामांकित पैलवान. पांढऱ्या मिशा, भरघोस फेटा. प्रामाणिक म्हणून त्याचं नाव होतं, आणि ते नाव मला आजही खरं वाटतं. त्याचाच तर जास्त राग येतो. लबाड माणसाला निदान शिव्या तरी घालता येतात.

माझा जोडीदार त्याच भागातला, बागायतदाराच्या घरचा, माझ्यापेक्षा अंगानं भरलेला. पण दमात कच्चा. दोन्ही हातांनी माती उचलून एकमेकांच्या हातावर टाकली, सलामी झाली, एकमेकांचा अंदाज घेत खडाखडी झाली. मी त्याला फिरवून फिरवून दमवत होतो. त्याचा श्वास वाजायला लागला तेव्हा मला वाटलं, आता थोडंच राहिलं. तेवढ्यात त्यानं घाईघाईनं टांग मारली. मी उजव्या अंगावर पडलो. उजवा खांदा मातीला लागला, हे मी कधीच नाकारलं नाही. पण मी लगेच मान रोवून, अंगाची कमान करून पूल बांधला आणि डावा खांदा उचलून धरला. त्याच्या खालून वारा जात होता, तो मला पाठीला गार लागत होता. आणि जोडीदार माझ्या छातीवर नुसताच धापा टाकत होता. अजून एक हिसका, की मी पालथा होऊन सुटलो असतो.

आता चीत म्हणजे दोन्ही खांदे मातीला लागले पाहिजेत, हे त्या मैदानावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण पंच उभा होता माझ्या उजव्या बाजूला. त्याला डावा खांदा दिसतच नव्हता. तो वाकून बघणार, तेवढ्यात गाववाल्यांनी फेटे उडवले. आपला गडी वर दिसला, झालं. शंभर फेटे एकदम आभाळात गेले, हलगीवाल्यानं ठेका बदलला. पंचानं वर बघितलं. खाली वाकून माझ्या खांद्याकडं बघायचं सोडून त्यानं वर फेट्यांकडं बघितलं, आणि माझ्या जोडीदाराचा हात धरून वर केला.

मी उठलो. डोक्यात आग होती. पण अंगानं शिकलेलं होतं तेच केलं. पुढं झालो, पंचाच्या पाया पडलो. मग जोडीदाराला उराउरी भेटलो. त्यानंही रीतीप्रमाणं मला कवटाळलं आणि माझ्या पाठीवर चांगल्या दोन-चार थापा मारल्या. "शाब्बास गड्या, लय चांगला लढलास," असं म्हणाला.

तेवढ्यात गर्दीतून आरडाओरडा करत एक माणूस आत घुसला. डोक्याचा फेटा सुटून गळ्यात आलेला, डोळे लाल. ते आमचे वस्ताद होते. तोंड वाकडं केलं म्हणून आम्हाला हौदा उकरायला लावणारे, तेच. ते माझ्या डाव्या बाजूला बसले होते, त्यांनी सगळं बघितलं होतं. पंचाच्या पुढ्यात जाऊन त्यांनी सांगितलं की ह्याचा डावा खांदा लागलेला नाही, त्याला माती नाही, बघून घ्या आणि कुस्ती परत लावा. मागणी रास्त होती. पंच म्हणाला, बघू.  वस्तादांनी मला खांद्याला धरून गर्रकन फिरवलं आणि माझी पाठ सगळ्यांसमोर धरली.

डाव्या खांद्यावर लालभडक माती होती.

जोडीदाराच्या थापांची. दोन्ही तळहातांनी त्यानं माझ्या घामेजल्या पाठीवर शाबासकी दिली होती, आणि ती तिथं चिकटली होती. वस्तादांनी एकदा माझ्या पाठीकडं बघितलं, एकदा त्या गड्याच्या हातांकडं. त्यांना तिथल्या तिथं उमगलं. ते बोट ठेवून सांगायला लागले की ही भुईची माती नव्हे, ही बोटं उठलेली आहेत, नीट बघा. लोक हसायला लागले. जेवढं ते सांगत होते तेवढे लोक जास्त हसत होते. पंच शांतपणे म्हणाला, "पाठच सांगतीया की. आता आनी काय बगायचं?"

त्या गड्यानं हे मुद्दाम केलं का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला. मुद्दाम केलं नसावं. रीतच तशी होती, आणि मैदानावर कुणाचे हात स्वच्छ असतात? मी गळाभेट न घेता तसाच पाठ करून उभा राहिलो असतो तर माझी कुस्ती परत लागली असती. माझ्या पुराव्यावर माती टाकली ती माझ्याच चांगल्या वळणानं, आणि हे वळण मला लावायला वस्तादांना कितीतरी वर्षं लागली होती.

कारभाऱ्यांनी जोडीदाराला जवळ बोलावलं. मग मलाही बोलावलं. मला वाटलं, त्यांनी तरी खरं बघितलं असेल. ते म्हणाले की वस्ताद असे भडकले, पण पोरगा किती सालस. हरावं तर असं. आणि सालसपणाबद्दल त्यांनी मला एक फेटा बांधला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांइतकी झोंबणारी गोष्ट मी पुढं अनुभवली नाही. घरी गेल्यावर तो फेटा मी म्हशीच्या पाठीवर टाकला. थंडीत तिच्या तरी उपयोगी पडला.

त्याच संध्याकाळी नदीवर अंग धूत होतो, तिथं तो गडी आला. एकटाच होता. गुडघाभर पाण्यात उभा राहून म्हणाला, "तुजा डावा खांदा लागला न्हवता. मला कळलं हुतं."

मी म्हटलं, मग चल, पंचाला एवढंच सांग.

 "आरं, त्येंचा मान जाईल की सगळ्या गावात," तो म्हणाला. "म्हातारं मानूस हाय. जाऊ दे गड्या."

पंचाचा मान, गावाचा मान, तालमीचं नाव. सगळ्यांचं सगळं शाबूत राहिलं पाहिजे होतं. जायचं होतं ते फक्त माझं. तो गेला संस्थानात, बदाम खायला. मी आलो परत, आणि वहिनीच्या पोरांनी मला लांबूनच बघून घरात पळ काढला, कारण माझ्या चालीवरूनच त्यांना कळलं होतं की दूध आता तरी मिळणार नाही. मग मीच ते प्यायचं बंद केलं. भाताच्या चिखलात उतरलो.

 गावी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी तालमीत वस्तादांनी जुनी रीत मोडली. खोटा निकाल देणं कायमचं बंद. आणि एक नवा दंडक घातला: पडल्यावर उठायचं, आणि कुणाच्याही पाया पडण्याआधी, कुणालाही हात लावू देण्याआधी, चारी बाजूंना वळून आपली पाठ मैदानाला दाखवायची. खरंच चीत झालेला असलास तरी दाखवायची, म्हणजे सवय राहील. त्यानंतरच पंचाच्या पाया पडायचं. पुढं ते थकले आणि हौदा माझ्याकडं आला, तेव्हा मीही पोरांना हेच शिकवलं.

देश स्वतंत्र झाल्यानंतरची गोष्ट. वाईकडच्या एका जत्रेला मी माझा एक गडी घेऊन गेलो होतो. पाहुण्यांच्या रांगेत खुर्चीवर तो जुना पंच बसलेला. आता पार वाळलेला, हातात काठी. आयोजकांनी मला नेमकं त्याच्याच शेजारी बसवलं. त्यानं मला ओळखलं नाही असं मला वाटलं, आणि मीही ओळख दिली नाही.

माझा गडी हरला. स्वच्छ हरला, तक्रारीला जागा नव्हती. उठला, सावकाश चारी बाजूंना वळला, मग वाकून त्या कुस्तीच्या पंचाच्या पाया पडला. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं मान डोलावली. पलीकडं बसलेल्याला सांगायला लागला की हल्ली अशी पोरं दिसत नाहीत, हरल्यावरसुद्धा चारी दिशांना नमस्कार करतंय, काय वळण लावलंय वस्तादानं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आवं, नमस्कार न्हवं त्यो. पाठ दाखिवतोय त्यो. खांद्याला माती हाय का न्हाई, ते पंचानं बगावं म्हनून."

 म्हाताऱ्यानं काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडं बघितलं. 

"मग तवा तू का न्हाई दाखिवलीस?"

म्हणजे त्याला मी आठवत होतो. एवढी वर्षं आठवत होतो, आणि विचारायचं ते हे. माझी कानशिलं तापली, पण आवाज चढवला नाही, तेवढं वळण अजून अंगात होतं.

"तवा मी तुमच्या पाया पडत हुतो," मी म्हटलं.