गाढवाला भेटायला निघालेली बाई

बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या साठीच्या बाईंनी पिशवीतून एक फोटो काढून माझ्या हातात दिला. मला वाटलं, नातू असेल. फोटोत गाढव होतं, आणि त्याच्या गळ्यात हात टाकून याच बाई उभ्या होत्या, नऊवारीवर जाकीट घालून.

बाई परदेशात लेकीकडे तीन महिने राहून आल्या होत्या. लेक-जावई दिवसभर कामावर. बाईंना करमेना, म्हणून लेकीनं त्यांना तिथल्याच एका खेड्यात, टाकून दिलेली जनावरं सांभाळणाऱ्या आश्रमात बिनपगारी कामाला धाडलं.

"हितं सुना शेणाला नाक मुरडत्यात, अन् तितं गोऱ्या पोरी हौसेनं लीद काढत्यात!" असं म्हणून त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की कंडक्टरनं वळून पाहिलं.

फोटोतलं म्हातारं गाढव चार दिवस काही खात नव्हतं. डॉक्टरनं आशा सोडली होती. बाईंनी त्याच्या शेजारी बसकण मारली, डबा उघडला आणि त्याला मराठीत शिव्या देत भाकरी खायला लागल्या. थोड्या वेळानं त्यानं डब्यात तोंड घातलं.

"दोघांनाबी जेवायला सोबत न्हवती," बाई म्हणाल्या.

आता पुढच्या महिन्यात त्या पुन्हा तिकडे निघाल्या होत्या. व्हिसाच्या साहेबानं विचारलं, "कुणाला भेटायचंय?" यांनी सरळ गाढव सांगितलं. साहेब आधी हसला, मग शिक्का मारला.

"अहो, लेकीचं नाव सांगायचं ना!" मी म्हणालो.

"लेक फोनवर बोलती," निमगाव केतकीला उतरताना बाई म्हणाल्या. "गाढवाला कुठला फोन, बाबा?"