राउरकेल्याला गेलेला हलव्याचा मुकुट

माझ्या धाकट्या बहिणीला पहिला मुलगा झाला तेव्हा ती राउरकेल्याला राहत होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बाळाची पहिली संक्रांत जवळ आली आणि तिचं आईला पत्र आलं. ‘इथे हलव्याचे दागिने मिळत नाहीत. बोरन्हाण तसंच करू का? नाशिकहून इकडे कुणी येणारं असेल तर दादाला बघायला सांग.’

येणारं कुणी नव्हतं. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मीटर दुरुस्तीला होतो, आणि माझी रजा बारशाला जाण्यातच संपली होती. कॉलनीतल्या नव्या सुनांसाठी दर वर्षी हलवा करणारी आई नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन काळा चष्मा लावून बसली होती. शेगडीजवळ जायची तिला मनाई होती.

‘‘तू कर,’’ ती मला म्हणाली.

‘‘मी?’’

‘‘मीटरमधल्या केसाएवढ्या तारा जोडतोस ना? मग तिळाला काय घाबरतोस?’’

त्या आठवड्यात मला दुसरी पाळी होती, म्हणजे सकाळ मोकळी. थंडी तर अशी की खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागे. हलव्याला हीच थंडी लागते. मंद शेगडीवर परात ठेवायची, तिळांवर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. पहिल्या दिवशी सगळ्या तिळांची मिळून एक वडी झाली. दुसऱ्या दिवशी दाणे सुटे झाले, पण गुळगुळीत, औषधाच्या गोळ्यांसारखे. आई खुर्चीतून नुसत्या आवाजावरून सांगत होती, ‘‘पाक जास्त पडला. थांब जरा. आता हलव.’’ माझी बोटं भाजून लाल झाली. चौथ्या दिवशी दाण्यांना बारीक पांढरे काटे दिसले आणि मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की शेजारच्या काकू धावत आल्या. आईने एक दाणा बोटांत फिरवून पाहिला, मग जिभेवर ठेवला. ‘‘टोचतोय,’’ ती म्हणाली. ‘‘झाला.’’

मुकुट केला, हार केला, बाजूबंद आणि बासरी केली. दोऱ्याला गाठी मारताना हात कसा चालू लागला ते माझं मलाच कळलं नाही. पुठ्ठ्याचा गोल उरला होता, त्याचं मनगटी घड्याळ केलं.

‘‘हलव्याला काटे आले, आता घड्याळाला कुठून आणू?’’ मी विचारलं. आईने डब्यातून दोन लवंगा काढून दिल्या.

आता पाठवायचं कसं? नाशिकरोडला कुरियरवाल्याने आकडा सांगितला आणि मी जिना उतरून थेट पोस्टात गेलो. स्टीलच्या डब्यात कापूस घालून, वरून मांजरपाट शिवून पार्सल नेलं होतं. खिडकीतल्या बाईंनी ते काट्यावर ठेवलं.

‘‘आत काय आहे?’’

‘‘भाच्यासाठी हलव्याचे दागिने.’’

‘‘दागिने हलके असतील, पण हा डबा? त्यांच्याकडे डबे नाहीत का? अर्ध्या किलोच्या आत आणा, कमी पैशांत जाईल.’’

माझ्यामागे रांगेत एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘बुटांचं खोकं घे आणि मुरमुरे भर. मुरमुऱ्यांना वजन नसतं आणि धक्काही लागत नाही.’’

मी तसाच सायकलवर गेलो. चपलांच्या दुकानातून लहान मुलांच्या बुटांचं रिकामं खोकं मागून घेतलं, भडभुंज्याकडून मुरमुरे घेतले आणि परत आलो. पोस्टातल्या बाकावर दागिने काढले तशी भोवती माणसं जमली. खिडकीतल्या बाईसुद्धा बाहेर आल्या. ‘‘हे तुम्ही केलंत?’’ त्यांनी दोनदा विचारलं. आजींनी सुईत दोरा ओवून दिला. शिवायच्या आधी खोकं, कापड सगळं काट्यावर ठेवलं, तर जरासं जास्त भरलं.

‘‘बासरी काढा,’’ कुणीतरी म्हणालं.

‘‘बासरी कशी काढायची? कृष्ण करायचाय त्याला!’’ आजी कडाडल्या.

शेवटी बाईंनी कापडाची जादा किनार कात्रीने कापली आणि मी तीन मुठी मुरमुरे काढले. ते तिथेच सगळ्यांनी खाल्ले. काटा बरोबर जागेवर आला. लाखेचा शिक्का बसला तेव्हा मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

संक्रांत गेली, तरी काही कळलं नाही. ‘‘बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं,’’ आई रोज सकाळी म्हणायची, बहुधा स्वतःलाच. मग एका संध्याकाळी कॉलनीतल्या दुकानदाराने हाक मारली, बहिणीचा फोन होता. आईला हाताला धरून नेलं. बहीण इतकी हसत होती की सुरुवातीला काही समजेचना.

‘‘दादा, बासरीचे दोन तुकडे झाले, बाकी सगळं धड! आणि मुरमुरे पाठवलेस ते किती बरं केलंस. इथे बोरं मिळाली नाहीत, मी तेच त्याच्या डोक्यावर ओतले. शेजारची सगळी पोरं वेचायला तुटून पडली. घड्याळ मात्र त्याने लगेच तोंडात घातलं. बारापासून तीनपर्यंत खाऊन टाकलं!’’

आईने फोन घेतला. ‘‘जिभेला काटे टोचले का गं त्याच्या?’’ तिला तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

पुढच्या जानेवारीत कॉलनीतल्या तीन घरांतून मला विचारणा झाली. एकीची नात नागपूरला होती, एकीची सून पुण्याला. पाळीवरचे जे मित्र मला सोनार म्हणून चिडवायचे, तेच सकाळी परातीभोवती बसून तीळ हलवू लागले आणि निम्मा हलवा तिथल्या तिथे खाऊ लागले. आईचा काळा चष्मा केव्हाच गेला होता, पण ती खुर्चीतूनच हुकूम सोडायची. त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. त्यानंतरच्या संक्रांतीला काळी साडी नेसून, मी केलेला हार, बाजूबंद आणि बिंदी घालून बायको हळदीकुंकवाला बसली. बायका वाकून वाकून बघत होत्या. बायको प्रत्येकीला आधीच बजावत होती, ‘‘तिळगूळ हवा तेवढा घ्या, पण दागिन्यांना हात लावायचा नाही.’’