विहिरीवरचं निशाण

१९७४ साल. मी तेव्हा पन्नास वर्षांचा होतो, आणि एका रविवारी सकाळी मखमलाबादच्या माझ्या वावरात, गुलाबाच्या ओळींमध्ये, एक परकं निशाण उभं होतं. अर्धं पांढरं, अर्धं तांबडं. बांधावर आणखी एक, ओढ्याच्या काठाला तिसरं. त्या दिवसांत आमच्याकडं कुणाच्या रानात नुसती चुन्याची रेघ दिसली तरी घरातल्या माणसांच्या घशाखाली घास उतरत नसे. शहर अंगावर चालून येत होतं. आज ह्याची जमीन गेली, उद्या त्याची. मी कुणाला विचारलं नाही. तिन्ही निशाणं उपटली आणि विहिरीत टाकून दिली. आजही सांगतो, बरोबर केलं. दुसऱ्याच्या रानात न विचारता काठी रोवायची नसते.

थोड्या वेळानं बांधावरून एक बाई आल्या. पदर खोचलेला, पातळाखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात कागद. मागं कॉलेजातली पोरंपोरी, घामाघूम, कळप चुकलेल्या शेळ्यांसारखी.

"काका, इथं एक निशाण होतं..."

"विहिरीत आहे. पाहिजे तर उतरा."

"विहिरीत? का हो?"

"जमीन मोजायला आलात ना? जाऊन सांगा तुमच्या साहेबाला, तात्या अजून जिवंत हाय म्हणावं."

बाई आधी गोंधळल्या, मग हसायलाच लागल्या. "अहो, जमीन न्यायला नाही आले मी. पोरं पळवायला आलेय."

हे ऐकून आमची मंडळी धाकट्याला घरात ओढायला धावली!

मग बाईंनी बांधावर बसून सगळं समजावलं. त्या शहरातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. कुठल्याशा शिबिरात लष्करातल्या एका अधिकाऱ्यानं त्यांना हा खेळ शिकवला होता. हातात नकाशा आणि होकायंत्र द्यायचं. नकाशावर जिथं गोल काढलाय, तिथं निशाण शोधायचं. निशाणाला रंगीत पेन्सिल बांधलेली असते, तिनं आपल्या कार्डावर रेघ मारायची आणि पुढच्या निशाणाकडं पळायचं. वाट कुणी सांगायची नाही. सगळी निशाणं शोधून जो आधी परत येईल, तो पहिला. बाई बोलत होत्या आणि माझ्या छातीवर ठेवलेलं जातं हळूहळू उतरत होतं. जमीन जात नव्हती... नुसता खेळ होता! मंडळीला म्हटलं, "चहा टाक. सगळ्यांना टाक." आणि मी स्वतः विहिरीत उतरून निशाणं काढून दिली.

त्या बाई वारल्या, त्याला आता दीड महिना होत आला. त्यांच्या बहिणीनं दूधवाल्याबरोबर निरोप धाडला तेव्हा मी गुलाबाला पाणी देत होतो. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर मोकळं वाटलं. दहाव्याला गेलो तेव्हा हे बोलून दाखवलं, तर लोक माझ्याकडं बघायला लागले... एवढा पंधरा वर्षांचा घरोबा आणि म्हातारा म्हणतो मोकळं वाटलं! त्यांना तिथं काय सांगणार? म्हणून लिहायला बसलोय. शाळा माझी दुसरीपर्यंतची. मुलगा म्हणाला, तुम्ही सांगा, मी लिहून काढतो. म्हटलं, बाई माझ्या होत्या, मीच लिहीन.

तर, त्या पहिल्या रविवारानंतर पुढच्या वर्षी बाई आधी विचारायला आल्या. दिवाळीनंतर सुरू करून होळीपर्यंत, एक रविवार सोडून एक रविवार, छोट्या छोट्या शर्यती घ्यायच्या. कधी आमच्या डोंगराखाली, कधी गंगापूर धरणाच्या अंगाला, कधी पांडवलेण्यांच्या पायथ्याला. पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, असं उतरत जायचं, आणि शेवटच्यालाही एक. हंगाम संपला की सगळ्यांची बेरीज. मला एकच गोष्ट पटली नाही. ज्याची निशाणं लावायची पाळी असेल, त्यालाही त्या दिवसाचे गुण मिळायचे. मी म्हटलं, "जो पळालाच नाही त्याला गुण कशाचे?" बाई म्हणाल्या, "तात्या, रात्रपाळी करून पाणी भरणाऱ्याला पीक मिळतं ना? का फक्त कापणाऱ्याला?" तेव्हापासून मी निशाणांचा मुकादम झालो. कुठलं निशाण किती खाली लपवायचं, यावरून आमची दर वेळी जुंपायची. मी दगडाआड लपवायचो, बाई पुढं ओढायच्या. "तात्या, हा खेळ शोधण्याचा आहे, चोरीचा नाही."

नकाशे बाई स्वतः काढायच्या, पावलं मोजत, उन्हातान्हात हिंडून. दिवाळीच्या सुमाराला त्यांनी माझ्या रानाचा मोठा सुंदर नकाशा काढला. विहीर, आंबा, बांध, आणि खळ्याशेजारी कडब्याची गंजी. माघात त्याच नकाशावर शर्यत लावली. मी निशाण बरोबर गोलाच्या जागी रोवलं. पण पोरं नुसती गरगर फिरायला लागली. एक जण तर गुरांच्या गोठ्यात शिरला. सगळे गंजी शोधत होते, आणि गंजी मधल्या तीन महिन्यांत बैलांच्या पोटात गेली होती! बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तात्या, तुमच्या बैलांनी माझा नकाशा खाल्ला." मी म्हटलं, "नकाशात कडबा काढाल तर बैल सोडतील का?" त्या दिवसाचे गुण रद्द झाले. पुढं गंजीचं चिन्हच त्यांनी बंद केलं.

आता मुख्य गोष्ट. शर्यत जिथं संपायची तिथलं निशाण माझ्या विहिरीवर असायचं. ते मी कळकाच्या उंच बांबूला बांधायचो, म्हणजे डोंगरावरूनही दिसावं. तिसऱ्या हंगामात सातपूरच्या कारखान्यातला शिवा नावाचा एक गडी पळायचा. पहिल्या नंबरासाठी जीव टाकायचा, आणि हरला की तोंड फिरवून घरी निघून जायचा. एका रविवारी सगळे परत आले, शिवा नाही. ऊन कलायला लागलं. पोरं म्हणाली, "गेला असेल रागावून. बाई, निशाण उतरवू का? बस चुकेल."

"हात लावू नका," बाई म्हणाल्या. "शिवा बाहेर आहे."

"पण बाई, तो नेहमीच..."

"तो आला की उतरवू."

पोरं बसला गेली. बाई आणि मी राहिलो. बाई कळकाशेजारी उभ्याच. मी बाज आणून दिली, तरी बसल्या नाहीत. दिवस मावळायच्या आत शिवा डोंगराच्या घळीतून लंगडत उतरला, पाय मुरगळून टम्म सुजलेला. आल्या आल्या विहिरीच्या काठाला टेकला आणि म्हणाला, "बाई, वाटच कळंना झाली. पार पलीकडं दिंडोरी रस्त्याला उतरत होतो. तेवढ्यात हे फडकं दिसलं. म्हटलं, अजून हाय म्हणजे कुणीतरी हाय." बाईंनी त्याच्या कार्डावर एक गुण लिहिला, आणि मी एक गुलाब तोडून त्याच्या हातात दिला, कारण दुसरं काय द्यावं सुचलं नाही. तेव्हापासून नियमच झाला. शेवटचा माणूस आल्याशिवाय निशाण उतरवायचं नाही, जो शेवटी येईल त्यानंच ते उतरवायचं, आणि त्याला माझ्याकडून गुलाब.

यंदा बाईंना आजार झाल्याचं आम्हाला उशिरा कळलं. उपचाराला मुंबईला नेणार होते त्या रविवारी आमच्याकडं शर्यत होती. बाई बहिणीबरोबर थेट स्टेशनला जायच्या ऐवजी रिक्षानं इकडं आल्या. सुरुवातीच्या ओळीवर सगळ्यांच्या मागं उभ्या राहिल्या, माझ्याकडून एक कार्ड मागून घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं. म्हणाल्या, "मीही निघाले, तात्या. शेवटी येईन... पण येईन."

झालं. माझ्या लेखी बाई शर्यतीत होत्या.

त्या संध्याकाळी सगळे परत आले, मी निशाण उतरवू दिलं नाही. पुढच्या दोन शर्यतींनाही तेच. होळी झाली, हंगाम संपला, शिवा पहिला आला, बेरीज वाचून झाली. निशाण कळकावरच. शिवा म्हणाला, "तात्या, बाईंना बरं वाटलं की त्या निरोप धाडतील. फडक्याचं काय एवढं?" मी म्हटलं, "तू बाहेर होतास तेव्हा हे फडकंच होतं ना?" पाडवा आला. संध्याकाळी गावातल्या सगळ्या गुढ्या उतरल्या, आणि शेजारचे बांधावरून ओरडायला लागले, "तात्या, तुमची गुढी पुढच्या पाडव्यालाच उतरायची का?" मंडळीसुद्धा म्हणाली, "लोक हसत्यात हो." हसू देत. मुंबईहून बातम्या चांगल्या नव्हत्या. मला रोज सकाळी उठल्यावर एकच भीती वाटायची... बाई तिकडंच राहिल्या, तर हे निशाण उतरवायचं कुणी? माझा हात काही त्याला लागणार नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं.

आणि एका संध्याकाळी रस्त्यावर रिक्षा थांबली. डॉक्टरांनी हात टेकले होते, म्हणून बहीण त्यांना घरी आणत होती. बाईंचं अर्धं अंग उरलं होतं, पण पायात तेच पांढरे बूट. मी धावलो तशी बाईंनी हात वर केला. "मधे येऊ नका, तात्या. शर्यत चालू आहे." रस्त्यापासून विहिरीपर्यंत त्या एकट्या चालत आल्या, थांबत, थांबत. बहीण मागं डोळे पुसत होती. बाईंनी पर्समधून कार्ड काढलं. कोरं.

"एकही निशाण सापडलं नाही हो."

"शेवटचं सापडलं ना," मी म्हटलं, आणि कळकाला बांधलेली तांबडी पेन्सिल पुढं केली. त्यांनी वाकडीतिकडी रेघ ओढली.

"किती गुण?"

"एक."

"एवढी लांब जाऊन एकच?"

"नियम तुमचाच आहे, बाई."

हसल्या. त्याच त्या, पहिल्या दिवशी बांधावर हसल्या होत्या तशा. मग दोरीची गाठ सोडायला लागल्या. उन्हानं गाठ आवळली होती, बोटांत जोर नव्हता. माझे हात शिवशिवत होते, पण मी मागं बांधून ठेवले. बऱ्याच वेळानं गाठ सुटली आणि निशाण खाली आलं. मी गुलाब दिला. तो त्यांनी केसांत न माळता बहिणीकडं दिला, आणि निशाण माझ्या हातात ठेवलं. "किती मळलंय बघा. धुऊन ठेवा. दिवाळीनंतर लागेल."

पुढं महिनाभरातच निरोप आला. पण तोपर्यंत माझी भीती संपली होती. बाहेर कुणी राहिलेलं नव्हतं.

बाईंनी निशाण उतरवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीचं पाणी शेंदलं, निशाण हौदात बुडवून साबण लावून चोळलं. तांबडा रंग उन्हानं पार गुलाबी झाला होता, तो काही परत आला नाही. पांढरा मात्र निघाला. मग पिळून, झटकून, मंडळीच्या लुगड्याशेजारी दोरीवर वाळत घातलं.